गाडीचे वजन कोणी विचारत नाही

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या वृत्तपत्राच्या वाहनविषयक पानावर दर आठवड्याला नव्या गाड्यांचे तपशील चौकटीत छापले जातात. त्यात किंमत असते, इंजिनाची क्षमता असते, समोरच्या पडद्याचा आकार इंचांत दिलेला असतो, छताला काच आहे की नाही हेही असते. परंतु गाडीचे वजन किती, हा आकडा मला गेल्या चार महिन्यांत तेथे एकदाही आढळला नाही. चार महिने असे नेमके सांगण्याचे कारण असे, की माझी जुनी गाडी विकल्यापासून तेवढा काळ मी ‘आता काय चालवायचे’ या प्रश्नाचे उत्तर शोधत होतो आणि त्या शोधात मला सर्वांत आधी हवा असलेला आकडा वजनाचाच होता. या अनुभवातून जे सुचले ते आपल्या वाचकांपुढे ठेवावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते थोडे लांबेल, त्याबद्दल क्षमस्व.

विकलेली गाडी कोणती होती हे सांगितल्याशिवाय पुढचे म्हणणे कळणार नाही. इंग्लंडमध्ये १९५७ साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने ‘सेव्हन’ नावाची दोन आसनांची उघडी मोटार बाजारात आणली. तिला दरवाजे म्हणावेत असे दरवाजे नव्हते, छप्पर म्हणजे कापडाचा एक तुकडा, आणि साऱ्या गाडीचे मिळून वजन सुमारे ५०० किलो. त्या काळी तेथे तयार मोटारीवर खरेदीकर लागत असे, सुट्या भागांवर लागत नसे. म्हणून पुष्कळ लोक ही गाडी सुट्या भागांत घरी नेत आणि आपल्या गॅरेजमध्ये सुट्टीच्या दिवशी जोडत बसत. जोडणीच्या सूचना सोबत दिल्या तर कर लागेल, म्हणून गाडी ‘सुटी कशी करावी’ याच्या सूचना दिल्या जात आणि ग्राहकाने त्या शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायच्या, अशी एक आख्यायिकाही सांगतात; ती खरी असो वा नसो, कर वाचवण्याच्या युक्त्यांत आपणच तेवढे हुशार नाही, हे त्यावरून कळते. १९७३ साली तेथे मूल्यवर्धित कर आला, ती सवलत संपली, आणि त्याच वर्षी या गाडीचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. ती कंपनी आजही त्याच वळणाची गाडी बनवते आहे. आपल्याकडे अलिबागच्या चिंकारा मोटर्सने याच धर्तीची रोडस्टर इसुझूच्या १.८ लिटर पेट्रोल इंजिनावर बनवली. आपल्या काही वाचकांनी ती पाहिली असेल.

माझी गाडी याच कुळातली होती. पोलादी नळ्यांची चासी, फायबरची बॉडी, आणि हिंदुस्थान मोटर्सच्या काँटेसामध्ये असे तेच इसुझूचे इंजिन. २००९ साली मी ती पहिल्या मालकाकडून पासिंगच्या सर्व कागदपत्रांसह घेतली आणि पुढची दोन वर्षे घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिचा एकेक बोल्ट उघडून पुन्हा बसवला. माझी नोकरी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये होती, त्यामुळे हाताला सवय होती आणि उसने मिळणारे पानेही होते. गाडी पुन्हा उभी राहिल्यावर मी ती पिंपळगाव बसवंतच्या एका वजनकाट्यावर नेली. पुढेमागे कांद्याचे ट्रॅक्टर, मधे ही. काटेवाल्याने पावती फाडताना ‘मालाच्या रकान्यात काय लिहू?’ असे अगदी गंभीरपणे विचारले. अर्ध्या टाकी पेट्रोलसह गाडी ७३० किलो भरली. इंग्लंडातल्या मूळ गाडीपेक्षा ती बरीच जड होती, कारण ते ओतीव लोखंडाचे इंजिन. तरीही रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांपेक्षा ती कितीतरी हलकी होती, अशी त्या दिवशी माझी समजूत झाली. ही समजूत कितपत बरोबर होती ते पुढे येईलच.

एक गोष्ट मात्र तेव्हाच कळली. तेच इंजिन मी तरुणपणी एका परिचितांच्या काँटेसात चालवले होते. शक्ती जेमतेम नव्वद अश्वशक्तीच्या आतबाहेर. काँटेसात ते इंजिन सिन्नरचा घाट चढताना खालचा गिअर मागत असे. माझ्या गाडीत तेच इंजिन तिसऱ्या गिअरमध्ये, काही न मागता, त्याच चढावर गाडी उचलून नेई. इंजिनात काडीचाही बदल नव्हता, बदलले होते फक्त त्याला ओढावे लागणारे ओझे. आपण गाडीच्या जाहिरातीत इंजिनाची शक्ती वाचतो आणि तिला कशाने भागायचे तेच विसरतो.

लोकांचा असा समज असे, की अशी गाडी ठेवणारा मनुष्य वेगाचा भुकेला असणार. प्रत्यक्षात त्र्यंबकहून जव्हारच्या दिशेने निघाल्यावर लागणाऱ्या तोरंगण घाटात मी ताशी साठच्या वर क्वचितच गेलो असेन. तेथला आनंद वेगळ्याच गोष्टीत होता. स्टिअरिंगला कसलीही मदत करणारी मोटर नव्हती, त्यामुळे डांबर संपून खडी सुरू झाली की ते तळहातांना कळे. पुढची दोन्ही चाके बसल्या जागेवरून दिसत, आणि वळण घेताना ती किती फिरली हे डोळ्यांनी पाहता येई. ब्रेकवर पाय ठेवला की गाडी थांबे, कारण थांबवायला फारसे काही नव्हतेच. ज्या गाडीचे वजन दुप्पट, तिच्या ब्रेकांना त्याच वेगात दुप्पट ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. कसाऱ्याच्या घाटात उतरताना काही गाड्यांच्या चाकांमधून येणारा जळका वास हे त्याचेच फळ. गिरणाऱ्याच्या रस्त्याने जानेवारीत पहाटे निघालो की द्राक्षबागांवरच्या औषधाचा वास, शेकोटीचा धूर आणि गार ओलसर हवा हे सारे नाकातोंडात जाई. त्यात सुख किती आणि सर्दी किती याचा हिशेब मी कधी ठेवला नाही.

मग विकली का, असे पुष्कळांनी विचारले. वय ६१, डावा गुडघा आता वाकायला तयार नाही, आणि त्या गाडीत शिरण्यासाठी पाय बाजूच्या कडेवरून आत टाकून स्वतःला खाली सोडावे लागे. हे एक कारण. दुसरे असे, की महामार्गावर माझे डोळे शेजारच्या ट्रकच्या चाकाच्या मध्याच्या उंचीवर असत आणि वर केबिनमध्ये बसलेल्या चालकाला मी दिसत नाही हे मला प्रत्येक वेळी जाणवे. पंधरा वर्षांपूर्वी रस्त्यावर जी वाहने होती त्यांच्यात ती गाडी लहान दिसे. आज ती दिसतच नाही. मात्र निर्णायक कारण गतिरोधक हे ठरले, आणि त्याबद्दल मला थोडे सविस्तर लिहिले पाहिजे.

रस्त्यावरचा गतिरोधक कसा असावा याचे मानक इंडियन रोड्स काँग्रेसने ठरवून दिलेले आहे. आयआरसी ९९ या क्रमांकाने ते ओळखले जाते. त्यानुसार गोलाकार गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर असावी, म्हणजे ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगाने जाणारे वाहन त्यावरून धक्का न बसता जाईल. ३.७ मीटर म्हणजे जवळजवळ एका लहान मोटारीची लांबी. आमच्या वसाहतीच्या तोंडाशी एका रात्रीत जो गतिरोधक उगवला, तो मी पट्टी आणि पाणपातळी घेऊन मोजला: उंची १६ सेंटिमीटर, रुंदी एक मीटरहून कमी. त्याला गतिरोधक का म्हणावे आणि बांध का म्हणू नये, हे मला कळले नाही. माझ्या गाडीच्या पोटाखाली ११ सेंटिमीटर जागा होती. तिरकी घालून, एकेक चाक चढवून मी तो दोन वर्षे ओलांडला; एका पावसाळी संध्याकाळी मात्र अंदाज चुकला आणि ऑइलचा चेंबर फुटला. रस्त्यावर तेलाचा ओघळ पाहत उभा असताना एका सद्गृहस्थांनी खिडकीची काच खाली करून ‘काका, आता उंच गाडी घ्या’ असा सल्ला दिला आणि त्यांची उंच गाडी त्या बांधावरून वेग न कमी करता निघून गेली.

संपादक महोदय, मला त्या सल्ल्याचा राग आला नाही, कारण तो व्यवहारी होता; विचार करायला लावले ते त्या गाडीने वेग कमी न केल्याने. ज्याच्यासाठी गतिरोधक घातला तो मोठ्या चाकांवरून सहज पार होतो, आणि ज्याला तो मोडतो ते वाहन मुळात हळूच चाललेले असते: हलकी मोटार, स्कूटर, रिक्षा, मागे रुग्ण बसलेली दुचाकी. संबंधित कार्यालयाकडे मी मोजमापासह दोन अर्ज दिले. पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. सिंहस्थाच्या निमित्ताने शहरात रस्त्यांची कामे ठिकठिकाणी निघाली आहेत, तेव्हा नव्या काँक्रीटवर गतिरोधक घालताना तरी हे मानक कोणी उघडून पाहावे, इतकीच अपेक्षा आहे.

गाडी कोईमतूरच्या एका तरुण अभियंत्याने घेतली. त्या शहरात कारी मोटर स्पीडवे हा शर्यतीचा मार्ग असल्यामुळे तिचे तेथे भले होईल असे वाटले. नमुना २८ चा ना-हरकत दाखला, २९ आणि ३० क्रमांकाचे हस्तांतराचे नमुने, सारे सोपस्कार नीट पार पडले. ट्रेलरवर तिला बांधताना मी पट्टे दोनदा तपासले; तिसऱ्यांदा तपासायला निघालो तेव्हा सौभाग्यवतींनी हात धरून घरात नेले.

अशी गाडी पुन्हा बांधावी, हा विचार मनात आला नाही असे नाही. परंतु आपल्याकडे त्याला वाट नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२६ व्या नियमाप्रमाणे नव्या वाहनाचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो, आणि ती प्रक्रिया हजारो गाड्या बनवणाऱ्यासाठी आखलेली आहे, घरामागच्या शेडमध्ये एक गाडी जोडणाऱ्यासाठी नव्हे. असलेल्या गाडीत फेरफार करावा तर मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते. निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून वाहन बदलता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. इंग्लंडमध्ये एकेकट्या गाडीची तपासणी करून तिला मान्यता देण्याची सोय आहे आणि तेथे हा छंद तिच्यावरच टिकून आहे. आपल्याकडे ती व्हावी का, हा वेगळ्या पत्राचा विषय आहे. रस्त्यावर मनाला येईल तसे सायलेन्सर लावून फिरणाऱ्यांना पाहिले की मला कायद्याचेही म्हणणे पटते.

परदेशात माझ्यासारखे लोक अशी गाडी विकल्यावर बहुधा माझदाच्या एमएक्स-५ या दोन आसनांच्या उघड्या मोटारीकडे वळतात. ती १९८९ साली निघाली, आजही बनते, आणि आजही साधारण एक टनाच्या आसपास आहे. ती भारतात विकली जात नाही, आणि स्वतः आणवायची म्हटले तर आयातशुल्क धरून किंमत दुपटीच्या पुढे जाते. हा पर्याय पाच मिनिटांत संपला.

जुन्या गाडीचाही विचार केला. कुर्ल्याला बनलेली एखादी पद्मिनी नीट करून वापरावी असे मनात होते. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला २०२१ च्या नियमांनी ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते, परंतु ती घेतली की गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. नातवाला शाळेत सोडणे त्यात बसत नाही. मोटारसायकलचे नाव काढताच घरातून नकार आला. माझाही जीव त्यात फारसा नव्हता, शिवाय इगतपुरीपासून आमणेपर्यंतचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झालेल्या समृद्धी महामार्गावर दुचाकीला प्रवेश नाही.

आता आमच्या चिरंजीवांच्या पसंतीकडे येतो. ते पुण्याला असतात आणि त्यांचा आग्रह उंच एसयूव्हीचा होता. आपल्या नाशिकच्याच कारखान्यात बनणारी महिंद्राची थार आम्ही दोघांनी चालवून पाहिली. आपल्या गावातली मुले जी गाडी जोडतात तिच्याविषयी अभिमान वाटतोच, आणि हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या कच्च्या रस्त्यांवर ज्याला जायचे आहे त्याला तिच्यासारखी दुसरी गाडी नाही. परंतु मला तेथे जायचे नव्हते. मला गंगापूर रोडवरून भाजी आणायची होती आणि महिन्यातून दोनदा पहाटे घाटात जायचे होते. स्टिअरिंग बोटाने फिरत होते, आणि त्या बोटाला रस्त्याची काहीच बातमी लागत नव्हती. घरी येऊन मी हिशेब मांडला. पेट्रोल थारची शक्ती १५० अश्वशक्तीच्या घरात आणि वजन दीड टनाहून बरेच अधिक. दर टनामागे नव्वदीच्या आसपास अश्वशक्ती पडली. हा नव्वदीचा आकडा वाचकांनी कृपया लक्षात ठेवावा.

विजेच्या गाड्याही पाहिल्या. तेथे बॅटरीचे वजन हा मूळ प्रश्न आहे: जास्त अंतर हवे तर मोठी बॅटरी, मोठी बॅटरी वाहायला भक्कम गाडी, आणि त्या गाडीला ओढायला पुन्हा जास्त वीज. याला अपवाद म्हणून एमजीची कॉमेट नजरेत भरली. तीन मीटरहून कमी लांबी, १७.३ किलोवॉट-तासांची लहान बॅटरी आणि वजन सुमारे ८०० किलो. शहरापुरता विचार केला तर मला ती फार शहाणी गाडी वाटली. परंतु माझी पहाटेची फेरी त्र्यंबक, मोखाडा, जव्हार आणि परत अशी असते, आणि वाटेत चार्जिंगसाठी तासभर बसायला माझी ना नाही, सौभाग्यवतींची आहे.

आणि मग एके दिवशी, निव्वळ कुतूहलाने, मी आमच्या शेजाऱ्यांच्या ऑल्टो के-१० चे माहितीपत्रक मागून घेतले. वजन साडेसातशे किलोच्या आतबाहेर. मी पिंपळगावच्या काट्याची जुनी पावती शोधून काढली आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले. ज्या गाडीला मी पंधरा वर्षे अपूर्व हलकी समजत आलो, जिच्यासाठी दोन वर्षे शेडमध्ये गुडघे झिजवले, तिच्यात आणि वसाहतीत दर तिसऱ्या दारात उभ्या असलेल्या, चार दरवाजे, छप्पर आणि वातानुकूलन असलेल्या गाडीत एका पोराच्या वजनाचाही फरक नव्हता. तिचे इंजिन ९९८ सीसीचे, शक्ती सुमारे ६६ अश्वशक्ती; टनाच्या हिशेबाने पुन्हा नव्वदीच्या आसपास. म्हणजे दीडशे अश्वशक्तीची ती दणकट गाडी आणि ही ‘पहिली गाडी’ म्हणून हिणवली जाणारी गाडी, या बाबतीत एकाच पंक्तीला बसतात. एकीचे टायर २५५ मिलिमीटर रुंद, दुसरीचे १४५. टायर बदलताना बिलात कोणता फरक पडतो ते सांगायला नको.

मी शेजाऱ्यांची गाडी मागून घेतली आणि एका पहाटे तोरंगणला नेऊन आलो. ती काही माझी जुनी गाडी नव्हे. पुढची चाके ओढणारी, बसण्याची जागा उंच, स्टिअरिंगला विजेची मदत. वळणात ती कलते आणि तिचे अरुंद टायर लवकर कुरकुरतात. परंतु तिचे कुरकुरणे ऐकू येते, आणि ते ऐकू येते तेव्हा वेगमापकाच्या काट्यावर वेग साधाच असतो. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन पूर्ण ताणून चालवावे, पुढच्या वळणाआधी ब्रेकवर हलकेच पाय ठेवावा, हा सगळा जुना खेळ तिच्यात कायद्याने घालून दिलेल्या वेगमर्यादेच्या आत खेळता येतो. अंबोलीच्या फाट्यावर चहाला थांबलो तेव्हा माझ्या तोंडावर जे हसू होते ते चहावाल्याने पूर्वी पाहिलेले होते. त्याने ‘ती लाल गाडी कुठाय?’ असे विचारले.

चिरंजीवांचा आक्षेप सुरक्षिततेचा होता, आणि तो मी हसण्यावारी नेऊ इच्छित नाही. दोन असमान वजनाच्या गाड्या समोरासमोर आदळल्या तर वेगातला धक्का हलक्या गाडीच्या वाट्याला जास्त येतो, हे शाळेतल्या पदार्थविज्ञानाचेच गणित आहे. ऑल्टो के-१० ला २०२३ साली ग्लोबल एनकॅप या गाड्या आदळवून तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीत प्रौढ प्रवाशांसाठी दोनच तारे मिळाले होते. तेव्हा तिच्यात दोन एअरबॅग असत, २०२५ पासून सर्व प्रकारांत सहा देण्यात येऊ लागल्या. पण एअरबॅग वाढल्याने सांगाडा बदलत नाही, हेही मला ठाऊक आहे. मी दारे नसलेल्या गाडीतून उतरून सहा एअरबॅगच्या गाडीत बसतो आहे, असे मी त्यांना सांगितले. त्यावर ‘बाबा, ती गाडी वर्षाला दोन हजार किलोमीटर चालायची’ असे उत्तर आले, आणि ते बिनतोड होते. मात्र त्यांच्या युक्तिवादाचे टोक मला पाहायचे होते. शेजाऱ्याची गाडी दोन टनांची म्हणून माझी दोन टनांची, माझी दोन टनांची म्हणून त्याची पुढची अडीच टनांची. यात पायी चालणाऱ्याने आणि सायकलवरच्या दूधवाल्याने किती टनांचे व्हायचे? यावर आमच्या घरात अजून एकमत झालेले नाही.

सरकारी नियमांतही वजनाला कोणी हात लावत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२०० सीसीपर्यंतच्या आणि चार मीटरच्या आतल्या पेट्रोल गाडीवर वस्तू व सेवा कर १८ टक्के झाला, मोठ्या गाड्यांवर ४० टक्के आहे. म्हणजे लांबी मोजतात, सीसी मोजतात. राज्याचा एकरकमी कर पेट्रोल गाडीवर किमतीप्रमाणे ११ ते १३ टक्के, डिझेलवर १३ ते १५. आणि २०१७ पासून लागू झालेल्या कार्बन उत्सर्जनाच्या मर्यादेत वजन आहे खरे, पण उलट्या बाजूने: ज्या कंपनीच्या गाड्या सरासरीने जड, तिला मर्यादा जराशी सैल. हलकी गाडी बनवणाऱ्याच्या पाठीवर थाप पडेल अशी सोय मला तरी कोठे दिसली नाही. जड होत जाणे अटळ आहे असेही नाही. २००५ साली आलेली पहिली स्विफ्ट एक टनाच्या आसपास होती आणि आजची स्विफ्ट तिच्याहून मोठी दिसत असूनही हलकी आहे. कारखान्यातल्या माणसांनी हे मनावर घेतले की जमते, हे चाळीस वर्षे धातू कापण्यात घालवलेल्या मला ठाऊक आहे. एका भागातून वीस ग्रॅम काढण्यासाठी किती बैठका होतात ते मी पाहिले आहे. मग त्या वीस ग्रॅमची बातमी ग्राहकापर्यंत का पोहोचू नये?

शोरूममध्ये मी प्रत्येक ठिकाणी वजन विचारले. पाचांपैकी दोन ठिकाणी विक्रेत्याने ‘सर, बिल्ड क्वालिटी एकदम हेवी आहे’ असे कौतुकाने सांगितले. तिसऱ्या ठिकाणी दार आपटून दाखवण्यात आले. जड म्हणजे चांगली, असा जो समज आपल्याकडे रुजला आहे, तो तांब्यापितळेची भांडी हातात तोलून घेणाऱ्या आपल्या आजीकडून आला असावा. तेथे तो योग्यही होता, कारण पितळ मोडीतही वजनावर जाई आणि भांड्याला घाट चढायचा नव्हता.

म्हणून माझी आपल्याला नम्र विनंती आहे. आपल्या वाहनविषयक पानावरच्या चौकटीत किंमत आणि पडद्याचे इंच यांच्या जोडीला गाडीचे वजन किलोमध्ये छापावे. नोंदणी प्रमाणपत्रावर तो आकडा असतोच, कंपन्यांकडून मिळवणेही अवघड नाही. जागा अपुरी पडत असेल तर पडद्याचे इंच वगळावेत. आणि शहरातल्या पाच-दहा गतिरोधकांची उंची-रुंदी आपल्या वार्ताहरांनी एकदा मोजून मानकाशेजारी छापली, तर माझ्या दोन अर्जांना जे जमले नाही ते कदाचित होईल. पट्टी आणि पाणपातळी माझ्याकडून न्यावी.

ऑल्टोची आगाऊ मागणी मी गेल्या आठवड्यात नोंदवली आहे, हाताने गिअर टाकायची, पांढऱ्या रंगाची; लाल मिळत होती, पण ते प्रकरण आता संपले. गुढीपाडव्याला ताबा मिळणार आहे. पूजा झाली की पहिल्यांदा ती पिंपळगावच्या त्याच काट्यावर नेईन, आणि जो आकडा येईल तो आपल्याला पावतीसह कळवीन.

आपला नम्र,
एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक